पीटीटी दाबला की रेडिओ गायब: एसडीआर ट्रान्सीव्हरचं उलटणारं दुखणं

हौशी रेडिओवाल्यांच्या एसडीआरची, म्हणजे सिग्नलचं काम सॉफ्टवेअरने करणाऱ्या, कॉम्प्युटरला जोडलेल्या रेडिओची, लक्षणं साधारण अशी असतात. रिसीव्ह तासन्‌तास झकास चालू असतं. पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबला, दोन शब्द बोललात, की वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारा सरकता आलेख) जागच्या जागी थिजतो आणि स्क्रीनवर रेडिओ सापडत नसल्याचा निरोप येतो. कधी कधी रेडिओ त्यानंतरही ट्रान्समिटमध्येच अडकून बसतो. किंवा डिस्कनेक्ट काही होत नाही, पण आवाज तुटक येतो, मध्येच 'टक्' होतं. किंवा एफटी-८ वर (कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायच्या डिजिटल पद्धतीवर) सगळं सुरळीत चाललेलं असताना अचानक डीकोड, म्हणजे उलगडलेले संदेश, येणंच थांबतं. मग केबल बदलली जाते, ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. बरं वाटतं. काही दिवसांनी पुन्हा तेच.

हे उलटत राहतं, कारण मुळात हे एक दुखणं नाहीच. चार-पाच निरनिराळे बिघाड बाहेरून सारखेच दिसतात. जुन्या रेडिओत ऑसिलेटर, मिक्सर, आयएफ, फिल्टर, डिटेक्टर सगळं एका पेटीत होतं, आणि प्रत्येक बिघाडाचा आवाज वेगळा यायचा. एसडीआरमध्ये सिग्नल एडीसीत (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपमध्ये) आकडे होऊन जातो, मग एफपीजीए (त्या आकड्यांवर काम करणारी चिप), केबल, ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिम, ऑडिओ डिव्हाइस आणि शेवटी तुमचा प्रोग्रॅम. यातला कुणीही क्षणभर अडखळला तरी ऑपरेटरला दिसतं ते एवढंच: आवाज तुटला, पडदा थिजला. म्हणून 'कुठे बिघडलं' याच्या मागे लागण्याआधी 'कधी बिघडतं' ते टिपून ठेवा. पार्ट बदलत सुटण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

एक खुलासा आधीच करतो. एसडीआर म्हटलं की दोन तऱ्हा डोळ्यांसमोर येतात. एक, २०१६ साली बाजारात आलेल्या आयकॉमच्या आयसी-७३०० सारखी: डायल आहे, पडदा आहे, सगळं गणित पेटीच्या आतच होतं. तिथे यूएसबी फक्त कंट्रोल आणि ऑडिओपुरती असते. ती तुटली तरी रेडिओ चालू राहतो, एफटी-८ तेवढं बंद पडतं. दुसरी तऱ्हा म्हणजे समोर एकही डायल नसलेली काळी पेटी. हर्मीस-लाइट २ हे त्यातलं साधं, ओपन-सोर्स उदाहरण. तिथे सिग्नलचं बरंचसं गणित कॉम्प्युटरवर होतं, म्हणजे कॉम्प्युटर अडखळला की रेडिओच अडखळला. खाली लिहिलेलं बहुतेक दोघांनाही लागू पडतं, पण दुसऱ्या तऱ्हेला जास्त जाचतं.

सगळ्यात आधी: अडकलेला ट्रान्समिट

निदान वगैरे नंतर. कॉम्प्युटर थिजलेला असताना रेडिओ पूर्ण पॉवरवर कॅरियर (आवाजाविना नुसती लहर) फेकत बसणं हा या सगळ्यातला खरा धोका आहे. फायनल ट्रान्झिस्टर तापतात, बँडवर इतरांना त्रास होतो, आणि परवान्याच्या अटींनुसार जबाबदारी तुमचीच असते.

रेडिओच्या मेनूत टाइम-आउट टायमर असेल तर तो आजच लावा. तीन मिनिटं पुरेशी आहेत. एफटी-८ चं ट्रान्समिशन जेमतेम १२.६४ सेकंदांचं असतं. काही काळ्या पेट्यांत वॉचडॉग असतो: कॉम्प्युटरकडून पॅकेट येणं थांबलं की पेटी आपणहून ट्रान्समिट सोडते. तो चालू आहे ना, हे डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध) ट्रान्समिट करून केबल उपटून बघा. आणि पॉवर सप्लायचं बटण हात लांब न करता बंद करता येईल अशा जागी ठेवा.

अडकण्याचं एक कारण अगदी साधं आहे. पीटीटी सीरियल पोर्टच्या आरटीएस किंवा डीटीआर या इशाऱ्याच्या तारेवर ठेवलेला असतो, आणि कॉम्प्युटर चालू होताना किंवा दुसराच एखादा प्रोग्रॅम ते पोर्ट उघडताना या तारा वर जातात. रेडिओला वाटतं, पीटीटी दाबला. यावर उपाय म्हणजे पीटीटी शक्यतो कॅट कमांडने (कॉम्प्युटरने केबलवरून रेडिओला दिलेल्या आज्ञेने) द्यायचा, आणि रेडिओच्या मेनूत आरटीएस-डीटीआरवरून सेंड होण्याची सोय बंद ठेवायची. कॉम्प्युटर आधी, रेडिओ नंतर, हा क्रमही अंगवळणी पाडून घेतलेला बरा.

डमी लोडची परीक्षा

आता निदान. अँटेना काढा, डमी लोड लावा, आणि ज्या बँडवर, ज्या पॉवरला रेडिओ सुटतो (कॉम्प्युटरशी त्याचा संबंध तुटतो) त्याच बँडवर, त्याच पॉवरला एफटी-८ चा टोन किंवा कॅरियर द्या. लहान डमी लोड १०० वॉट थोडाच वेळ सोसतो, तेव्हा त्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

डमी लोडवर सगळं ठीक आणि अँटेनावर मात्र डिस्कनेक्ट, असं असेल तर प्रश्न आरएफचा, म्हणजे नको तिथे पोचणाऱ्या रेडिओ लहरींचा, आहे. कॉम्प्युटरला, विंडोजला, ड्रायव्हरला हात लावू नका. डमी लोडवरही सुटत असेल तर संशय पॉवर सप्लायवर किंवा डीसी वायरिंगवर. ट्रान्समिट न करता, नुसतं ऐकतानाही आवाज तुटत असेल तर कॉम्प्युटरकडे वळा. ठरावीक अंतराने, अगदी घड्याळ लावल्यासारखी टकटक होत असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. आणि फक्त काही बँडवर, काही वेळा, सगळा वॉटरफॉल एकदम उजळत असेल तर एडीसी ओव्हरलोड होतोय.

डीसीचं प्रकरण आधी निकालात काढू. १०० वॉटचा रेडिओ पूर्ण पॉवरला १३.८ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर ओढतो. तारा, फ्यूज होल्डर आणि कनेक्टर मिळून जाऊन-येऊन ०.०५ ओहम रोध असला तरी एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. ०.१ ओहम असेल तर दोन. पुष्कळ रेडिओंची मर्यादा १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमी-अधिक, अशी असते. म्हणजे तळ ११.७ च्या आसपास. जुना अॅनालॉग रेडिओ व्होल्टेज पडलं की घोगरा व्हायचा आणि कुणीतरी ऐकून सांगायचं. एसडीआरमधला प्रोसेसर सांगत बसत नाही, सरळ रीसेट होतो. मल्टीमीटर सप्लायच्या टोकाला लावू नका, तिथे आकडा नेहमीच छान दिसतो. रेडिओच्या मागच्या कनेक्टरपाशी लावा आणि सलग टोन देऊन मोजा. एसएसबीवर (बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीवर) बोलताना मीटरला तो क्षणिक खड्डा पकडता येत नाही. गंजलेला फ्यूज होल्डर हा यातला नेहमीचा गुन्हेगार.

आरएफ केबलवर चढतं तेव्हा

ट्रान्समिट करताच सुटणं, आणि तेही एखाद-दुसऱ्या बँडवरच, याचं सर्वांत सामान्य कारण हे आहे. अँटेनाकडे जायला हवा तो प्रवाह अँटेनाच्या केबलच्या, म्हणजे कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या अंगावरून परत येतो, रेडिओच्या पेटीवर उतरतो, आणि तिथून जी जी तार बाहेर जाते तिच्यावरून पसरतो. यूएसबी केबल त्यातलीच एक. पाच मीटरची यूएसबी केबल म्हणजे २० मीटर बँडवर जवळजवळ पाव वेव्हलेंथ. तिला अँटेना व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय लॅपटॉपचा चार्जर, नेटवर्कची तार, मॉनिटर यांची लांबी त्यात मिळते, त्यामुळे 'माझी केबल तर आखूडच आहे' या युक्तिवादाला फारसा अर्थ नाही. डेटाच्या तारांवर असं आरएफ चढलं की कंट्रोलरला खरे-खोटे बिट कळेनासे होतात. तो पोर्टवरचं उपकरण गेलं असं समजून त्याला सोडून देतो.

पॉवर हळूहळू वाढवून बघा. ५ वॉटला ठीक, ३० ला ठीक, ६० ला सुटतो, आणि दुसऱ्या बँडवर मात्र पूर्ण १०० वॉटलाही काही होत नाही, असं दिसलं की आरएफवर शिक्कामोर्तब झालं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर एकदा चालवा. चार्जर काढल्यावर उंबरठा ६० वरून ९० वॉटवर गेला, तर प्रवाह त्या तारेतूनही वाहतोय.

उपाय अँटेनाच्या बाजूने सुरू करा. बहुतेक जण उलटं करतात: यूएसबीवर एक क्लिप-ऑन फेराइट (केबलवरचं आरएफ अडवणारा चुंबकीय तुकडा) चढवतात, फरक पडत नाही, आणि 'फेराइटने काही होत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. एंड-फेड हाफ-वेव्ह लावलेल्यांना हा त्रास सर्वाधिक होतो, कारण त्या अँटेनाला परतीचा प्रवाह कुठून तरी हवाच असतो. वेगळा काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठीची तार) दिला नाही तर ती कोअ‍ॅक्सचं बाहेरचं अंग वापरते. आखूड काउंटरपॉइज लावा, आणि कोअ‍ॅक्स घरात शिरते त्याआधी कॉमन-मोड चोक (बाहेरच्या अंगावरचा प्रवाह अडवणारं वेटोळं) घाला. डायपोल असेल तर फीडपॉइंटवर (केबल अँटेनाला मिळते तिथे) तेच काम करणारा १:१ करंट बॅलन. नुसता एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या पॉवरचं माप) कमी आहे म्हणून निश्चिंत राहू नका; एसडब्ल्यूआर १.२ असतानाही कॉमन-मोड प्रवाह भरपूर असू शकतो.

मग यूएसबीची पाळी. इथे फेराइटचा प्रकार आणि वेढ्यांची संख्या दोन्ही महत्त्वाची. एचएफसाठी ३१ मिक्स (फेराइटच्या मिश्रणाचा क्रमांक). ४३ मिक्स वरच्या बँडवर चालतं, ८० आणि १६० मीटरवर कमी पडतं. क्लिप-ऑनमधून केबल एकदाच गेली तर ३.५ मेगाहर्ट्झला जेमतेम काही दशक ओहमचा अडथळा (इंपिडन्स) मिळतो. हवा असतो हजाराच्या वर. इंपिडन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: एकाच्या जागी सात वेढे घातले तर, निदान खालच्या बँडवर, सुमारे ४९ पट. म्हणून २.४ इंची टोरॉइड (फेराइटचं कडं) घ्या. त्याचं भोक साधारण साडेतीन सेंटिमीटरचं असतं, यूएसबी-बी कनेक्टर अख्खा त्यातून जातो, केबल कापावी लागत नाही.

वेढे घालताना एक बारकावा सांभाळा. पहिला आणि शेवटचा वेढा एकमेकांना चिकटू देऊ नका. टोरॉइडच्या परिघावर त्यांच्यात बोटभर जागा ठेवा. ते शेजारी आले की त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून वरच्या बँडचं आरएफ चोकला वळसा घालून निघून जातं, आणि २८ मेगाहर्ट्झवर केलेलं सगळं पाण्यात. टोरॉइड रेडिओच्या कनेक्टरपासून वीतभर अंतराच्या आत बसवा, आणि शक्य असेल तर दुसरा कॉम्प्युटरच्या टोकाला. जाड, ताठ केबल वळत नाही. त्यासाठी बारीक पण शील्ड असलेली केबल वेगळी घेतलेली चांगली. शील्ड दोन्ही टोकांच्या धातूच्या कवचाला नीट जोडलेली असावी. स्वस्त केबलमध्ये ती बऱ्याचदा हवेतच लोंबकळत असते.

यूएसबी आयसोलेटर (दोन टोकांमधला विजेचा थेट संबंध तोडणारं उपकरण) घेण्याआधी दोनदा विचार करा. बाजारातले बरेचसे स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या फुल-स्पीडपुरतेच असतात. डायल असलेल्या रेडिओच्या ऑडिओ-कंट्रोलला ते पुरतात. पण १९२ किलोहर्ट्झ रुंदीचा आयक्यू प्रवाह (कच्च्या सिग्नलच्या आकड्यांची जोडी) २४ बिटांनी पाठवायचा तर नुसता डेटाच ९.२ मेगाबिट होतो. वरचा प्रोटोकॉलचा भार धरला की तिथे दमछाक ठरलेली, आणि ३८४ किलोहर्ट्झ तर अशक्यच. ग्राउंड लूपची गुणगुण मात्र आयसोलेटरने खरंच जाते. आरएफ जाईलच असं नाही, कारण आतल्या स्ट्रे कपॅसिटन्समधून ते पलीकडे पोचतं.

नेटवर्क केबलवर चालणारा रेडिओ या बाबतीत जात्याच सुखी असतो. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे दोन्ही टोकं विजेच्या दृष्टीने सुटी राहतात. फक्त शील्ड नसलेली साधी यूटीपी केबल वापरा. शील्डवाली घेतलीत तर तो फायदा आपल्याच हाताने घालवता. इथरनेटचा स्वतःचा उपद्रव वेगळा: १४.०३० आणि २१.०५२ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकू येणारी बारीक शीळ बऱ्याचदा त्याचीच असते. तिच्यावरही औषध तेच, टोरॉइड. वायफायवरून रेडिओ चालवणाऱ्यांना मात्र सहानुभूतीपलीकडे देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. असे रेडिओ सहसा यूडीपी वापरतात, त्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जात नाही. हरवलं ते हरवलं, आवाजात तेवढा खड्डा.

घड्याळ लावल्यासारखी टकटक

हा बिघाड ओळखता येत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं ड्रायव्हर बदलत राहतात, त्यामुळे इथे जरा थांबतो.

रेडिओतून येणारे ऑडिओचे सॅम्पल रेडिओच्या क्रिस्टलच्या तालावर येतात. हेडफोनला जाणारे सॅम्पल कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाच्या क्रिस्टलच्या तालावर जातात. दोघांवरही सेकंदाला ४८,००० असंच लिहिलेलं असतं, पण दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. समजा फरक ५० पीपीएम आहे, म्हणजे दर दहा लाखात ५०. सेकंदाला २.४ सॅम्पल जास्त येतात किंवा कमी पडतात. बफरमध्ये (सॅम्पलच्या तात्पुरत्या साठ्यात) १०२४ सॅम्पलची ऐसपैस जागा असेल तर ती सुमारे ४२७ सेकंदांत, सात मिनिटांत, भरते किंवा रिकामी होते. मग एक 'टक्', बफर पुन्हा मधोमध, आणि पुढची सात मिनिटं शांतता.

तेव्हा टकटक ऐकू आली की घड्याळात वेळ लिहा. पुढची आली की पुन्हा लिहा. अंतर दर वेळी सारखं आलं तर हे दोन क्लॉकचं भांडण आहे, दुसरं काही नाही. याची पक्की खूण म्हणजे बफर दुप्पट करून पाहणं: टकटक जात नाही, चौदा मिनिटांनी येते. बफर वाढवल्याने हे दुखणं बरं होत नाही, फक्त उशिरा उलटतं. म्हणूनच 'बफर वाढवला आणि बरं झालं' असं सांगणाऱ्यांना संध्याकाळी पुन्हा विचारायला हवं.

खरा उपाय दोनपैकी एक. एकतर सगळा ऑडिओ एकाच क्लॉकवर आणायचा: रेडिओच्या पेटीवर हेडफोनचं सॉकेट असेल तर ऐकायला तेच वापरा, कॉम्प्युटरचं साउंड कार्ड वाटेतून काढून टाका. नाहीतर मध्ये असा रीसॅम्पलर हवा जो दोन्हीकडचा वेग मोजून सतत जुळवून घेतो. काळ्या पेट्यांच्या चांगल्या प्रोग्रॅममध्ये आणि काही व्हर्च्युअल ऑडिओ केबलमध्ये ही सोय असते, पण ती चालू करावी लागते. सेटिंग उघडून बघा.

याच्याशी गल्लत होणारा दुसरा एक प्रकार आहे: एका ठिकाणी ४४,१०० आणि दुसऱ्या ठिकाणी ४८,००० लावलेलं असणं. तिथे टकटक नियमित नसते, आवाज सतत खरखरतो किंवा डीकोड कमी येतात. एफटी-८ च्या डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रोग्रॅमसाठी सगळीकडे ४८,००० ठेवा. विंडोजच्या साउंड पॅनलमध्ये रेकॉर्डिंग आणि प्लेबॅक दोन्ही टॅब तपासा, कारण मोठ्या अपडेटनंतर हे आकडे आणि डीफॉल्ट डिव्हाइस परस्पर बदललेलं आढळतं.

कॉम्प्युटर अडखळतो

नुसतं ऐकताना, अनियमितपणे आवाज तुटतो. प्रोसेसर तर दहा टक्केही वापरात नाही, मग असं का? कारण इथे प्रश्न सरासरी ताकदीचा नसतो. ४८,००० च्या वेगाला ५१२ सॅम्पलचा बफर १०.७ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्या वेळात एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसला की बफर कोरडा पडतो. उरलेल्या सेकंदभर प्रोसेसर रिकामा बसला होता याचा उपयोग शून्य.

विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. रेडिओ नेहमीसारखा चालू ठेवून तो अर्धा तास चालवा; कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो याची यादी तो देतो. वर नेटवर्कचा ड्रायव्हर दिसला तर वायफाय बंद करून बघा. ग्राफिक्सचा दिसला तर आधी वॉटरफॉलचा फ्रेम-रेट कमी करा. सेकंदाला ६० चौकटी कुणी मोजत नाही, १५ मध्येही सिग्नल तेवढेच दिसतात. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी हबच्या प्रॉपर्टीत वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची मुभा काढून घ्या. शेवटची खूण प्रत्येक हबवर वेगवेगळी काढावी लागते. एक राहून गेली की नेमका त्याच हबवर रेडिओ असतो.

रेडिओची केबल दर वेळी त्याच पोर्टात लावा. दुसऱ्या पोर्टात लावली की काही यूएसबी-सीरियल चिपना विंडोज नवा कॉम नंबर देते, आणि 'काल चालत होतं' ही तक्रार तिथूनच सुरू होते. पोर्टावर चिकटपट्टी लावून नंबर लिहून ठेवण्यात कसलीही लाज नाही.

एफटी-८ चे डीकोड अचानक थांबले आणि वॉटरफॉल मात्र ठीक दिसतोय, तर आधी कॉम्प्युटरची वेळ बघा. पद्धत १५ सेकंदांच्या चौकटीवर चालते. वेळ सेकंदभरापेक्षा जास्त सरकली की डीकोड गळायला लागतात. डीटीच्या (वेळेतल्या फरकाच्या) रकान्यात सगळेच आकडे एकाच बाजूला झुकलेले दिसले तर चूक तुमच्या घड्याळाची. आणि विंडोजचे सिस्टिम साउंड बंद करा. ई-मेल आल्याची किणकिण बँडवर ऐकवणाऱ्यांची जमात अजून संपलेली नाही.

वॉटरफॉल एकदम उजळतो

डायरेक्ट सॅम्पलिंग रेडिओचा एडीसी अँटेनावरून येणारं सगळं एकत्र गिळतो. तुम्ही १४ मेगाहर्ट्झवर ५०० हर्ट्झचा फिल्टर लावून बसला असलात तरी जवळच्या मध्यमलहरी केंद्राचं व्होल्टेज त्यात असतंच, जर आधी फिल्टरने अडवलं नसेल तर. १४ बिटांच्या आदर्श एडीसीचा पल्ला ८६ डीबी, १६ बिटांचा ९८. अरुंद फिल्टरमुळे त्यात भर पडते: १२२.८८ मेगाहर्ट्झला सॅम्पलिंग करून ५०० हर्ट्झ ऐकलं तर साधारण ५० डीबी. पण ही भर खालच्या बाजूची आहे, क्षीण सिग्नल ऐकायची. वरची मर्यादा तिथेच राहते. एडीसी भरला की हळूहळू वाकत नाही, एकदम कापतो, आणि सगळ्या बँडवर खोट्या सिग्नलांचं रान माजतं.

खूण अशी: अटेन्युएटर १० डीबी लावला आणि नॉइज १० डीबीपेक्षा जास्त उतरला, तर ओव्हरलोड होता. उपाय प्रीअॅम्प बंद करणं, ४० मीटर आणि त्याखालच्या फ्रिक्वेन्सीच्या बँडवर रात्री अटेन्युएटर लावणं, आणि मध्यमलहरी केंद्र जवळ असेल तर हाय-पास फिल्टर. ४० मीटरवर प्रीअॅम्प लावून ठेवणाऱ्यांना पडदा उजळ दिसतो म्हणून बरं वाटतं. ऐकू काहीच जास्त येत नाही.

जे दुरुस्त होत नाही

काही तक्रारी बिघाड नसतात, त्या या जातीच्या रेडिओचा स्वभाव असतात. त्यांच्यामागे धावून वेळ घालवू नये.

पहिली तक्रार विलंबाची. तीव्र उताराचा फिल्टर हवा तर त्याला जास्त सॅम्पल लागतात, आणि सॅम्पल साठायला वेळ लागतो. ४८,००० च्या वेगाला ४०९६ टॅपचा लिनियर-फेज फिल्टर एकटाच ४३ मिलिसेकंद उशीर करतो. त्यात ऑडिओ बफर, केबल, ड्रायव्हर यांची भर. मोर्सच्या मिनिटाला २० शब्द या वेगाला एक डॉट ६० मिलिसेकंदांचा, ३० शब्दांना ४०. म्हणजे कॉम्प्युटरमधून परत येणारा साइडटोन (आपणच पाठवत असलेल्या मोर्सचा आवाज) ऐकत की मारायची तर हात आणि कान यांच्यात अख्खा डॉट मावतो. भल्याभल्यांची लय बिघडते. मोर्सवाल्यांनी साइडटोन पेटीतच तयार करणारा रेडिओ घ्यावा, किंवा वेगळा कीयर (डॉट-डॅश तयार करणारं उपकरण) वापरून त्याचाच साइडटोन ऐकावा. प्रोग्रॅममध्ये मिनिमम-फेज फिल्टरचा पर्याय असेल तर तो निवडा, बफर शक्य तितका लहान करा. तरीही पूर्ण ब्रेक-इनची (डॉट-डॅशच्या मधल्या फटीत समोरच्याला ऐकण्याची) मजा काळ्या पेटीत सहसा येत नाही, हे विकत घेण्याआधीच माहीत असलेलं बरं.

दुसरी तक्रार वयाची. रेडिओ टिकतो, त्याच्याभोवतीचं जग टिकत नाही. फ्लेक्सरेडिओचा फ्लेक्स-५००० फायरवायर या जुन्या जोडणीवर चालायचा. आज फायरवायर पोर्ट असलेला नवा कॉम्प्युटर शोधून दाखवा. रेडिओतलं हार्डवेअर ठणठणीत, पण त्याच्याशी बोलणारं कुणी उरलेलं नाही, अशी गत होते. यूएसबी-सीरियल चिपच्या बाबतीत तर नवा ड्रायव्हर जुनी किंवा नकली चिप ओळखून चालायलाच नकार देतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयच्या ड्रायव्हरने, विंडोज अपडेटमधून येऊन, नकली चिपांचे ओळखक्रमांकच शून्य करून टाकले होते.

म्हणून सगळं सुरळीत चालू असेल त्या दिवशी थोडं काम करा. रेडिओच्या फर्मवेअरची, प्रोग्रॅमची आणि ड्रायव्हरची चालू असलेली आवृत्ती डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेवा. निर्माते जुन्या आवृत्त्या साइटवरून काढून टाकतात. प्रोग्रॅमच्या सेटिंगची फाइल एक्स्पोर्ट करा. डिस्कची पूर्ण इमेज घ्या. जमत असेल तर रेडिओसाठी जुना कॉम्प्युटर वेगळा ठेवा, त्यावर दुसरं काही टाकू नका आणि आपोआप होणारे अपडेट लांबणीवर टाका. तो इंटरनेटला जोडणार असाल तर ही शेवटची सूट घेता येणार नाही. मग अपडेट होऊ द्या, पण कॉन्टेस्टच्या आदल्या रात्री नाही.